तांबी काढण्याआधीची दोन वर्षं

मला मूल होऊ नये, हे माझ्याआधी बऱ्याच जणांनी ठरवून टाकलं होतं.

पहिल्यांदा ठरलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. भिवापूरला आमच्या अंगणात मिरची वाळत पडली होती आणि मी महिनाभर नुसती पाणी पीत सुटले होते. फ्रॉक अंगावर लोंबायला लागला, शाळेत बाकावरच झोप लागायला लागली. बाबांनी बसमध्ये मांडीवर आडवं घेऊन मला नागपूरला आणलं. डायबेटीस निघाला, टाइप वन, म्हणजे इन्सुलिन शरीरात बनणंच बंद. आठ दिवसांनी सुट्टी मिळाली तेव्हा तिथले डॉक्टर आईला सांगत होते की रोज इंजेक्शन घ्यावं लागेल, जन्मभर. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरीच्या लग्नाचं, लेकराबाळाचं फार मनावर घेऊ नका." मी पलंगावर पाय हलवत बसले होते. लग्नाचं मला तेव्हा काय पडलं होतं! पण बोलणं माझ्याबद्दल चाललंय आणि माझ्याकडे कोणीच बघत नाहीये, हे मात्र कळलं. तो राग अजून गेलेला नाही.

आई साधी बाई, पण तिनं एक काम पक्कं केलं. घरी फ्रिज नव्हता. इन्सुलिनची बाटली ती ओल्या रेतीतल्या लहान मडक्यात ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ सुई माझ्याच हातात द्यायची. "मी किती दिवस टोचू तुले? तुझं तूच शीक," म्हणायची. बारा वर्षांची होईपर्यंत मी शिकले. पुढे रसायनशास्त्रात पदवी घेतली आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागले. बॉयलरला जाणारं पाणी किती शुद्ध, त्यात काय किती, हे दिवसभर मोजत राहायचं. आकड्यांची भीती मला कधी वाटली नाही.

लग्नाच्या वेळी आईचंच धैर्य सुटलं. "आधी होऊ दे, मग सांगू," ती म्हणाली. मी ऐकलं नाही. पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं. तीन घरं चहा पिऊन गेली आणि नंतर त्यांचा फोन आला नाही. चौथ्या घरचा मुलगा कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या अडतीवर काम करणारा. त्याच्यासमोर मी ओढणी बाजूला करून पोटाला सुई लावली, कारण माझी जेवायची वेळ झाली होती. त्यानं नीट बघितलं आणि विचारलं, "मंग आता पोहे खाता येते ना?" मी म्हटलं, "येते." त्यानं स्वतःच्या हातानं प्लेट माझ्याकडे सरकवली. त्याच्याशी मी लग्न केलं.

तीन वर्षांनी, मी तिशीची असताना, मला मूल हवंसं वाटायला लागलं. का, ते मला सांगता येत नाही. कोणाचा दबाव नव्हता. उलट घरात तो विषय कोणी काढतच नव्हतं, जसं काही ते माझ्या कुंडलीतून खोडलेलं आहे. मीच नवऱ्याला म्हटलं, चल, विचारून येऊ.

पहिल्यांदा ज्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो ते वयानं मोठे होते. माझी फाइल त्यांनी दोन पानं उलटून बंद केली आणि माझ्या नवऱ्याकडे वळले. "हे बघा, यांना एकोणीस वर्षांपासून शुगर आहे. रिस्क कशाला घेता? दत्तक घ्या. आजकाल सगळे घेतात."

"डॉक्टर, मी इकडे बसले आहे," मी म्हटलं.

ते माझ्याकडे वळले. "बेटा, तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

"मग काय काय तपासायचं ते लिहून द्या. आणि सगळं तपासून झाल्यावर नाही म्हणा. न तपासता कसं म्हणता?"

त्यांनी काही लिहून दिलं नाही. बाहेर येऊन नवरा गाडीला किक मारत म्हणाला, "तू त्याइले जरा जास्तच बोलली." मी म्हटलं, "कमी बोलले." दत्तक घेण्यात मला कमीपणा वाटत नाही, आजही वाटत नाही. पण तो निर्णय मी घेतलेला असायला हवा होता. कोणीतरी फाइल मिटताना सुचवलेली पळवाट म्हणून मला तो नको होता.

दुसऱ्या डॉक्टर धंतोलीत भेटल्या. मधुमेहाच्याच डॉक्टर, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठ्या. त्यांनी चप्पल काढायला लावून माझे पाय तपासले, बीपी घेतलं, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा रिपोर्ट बघितला. नऊ पूर्णांक चार. मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "मूल होऊ शकतं. पण या आकड्यावर आज दिवस गेले तर मला भीती वाटेल, आणि तुम्हालाही वाटायला हवी."

त्यांनी कागदावर काढून समजावलं. बाळाचं हृदय, पाठीचा कणा, मेंदू हे सगळं पहिल्या काही आठवड्यांतच घडतं. पाळी चुकली म्हणून बाई तपासायला येते तोवर निम्मं काम होऊन गेलेलं असतं. त्या आठवड्यांत रक्तातली साखर चढलेली असेल तर बाळाच्या घडणीतच खोट राहू शकते. म्हणून जे करायचं ते आधी करायचं. सरासरी साडेसहाच्या खाली आणायची. लघवी, किडनी, थायरॉइड, डोळ्यांचा पडदा तपासायचा. किडनीसाठी मी जी गोळी घेत होते ती बाळाला चालणारी नव्हती, ती बदलायची. फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी दिवस राहायच्या निदान तीन महिने आधीपासून घ्यायची. आणि हे सगळं जमेपर्यंत तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवून घ्यायची.

"म्हणजे मूल व्हावं म्हणून आधी मूल होऊ द्यायचं नाही?" नवऱ्यानं विचारलं.

"अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "घाईनं राहिलेल्यापेक्षा तयारीनं राहिलेलं बरं."

मी त्याच आठवड्यात तांबी बसवून घेतली.

सासूबाई आमच्यासोबतच राहतात. काटोलकडच्या शेतकरी घरातल्या, सातवी शिकलेल्या, घरातलं सगळं त्यांच्या नजरेखालून जाणार. मला वाटलं, नातवंडाच्या नावानं खूश होतील. त्या वांगी चिरत होत्या. ऐकून विळीवरचा हात थांबला.

"काही गरज नाही," त्या म्हणाल्या.

"आई, डॉक्टरनं सांगितलं, तयारी केली तर होते."

"होते अन् काय होते थे मले माहीत आहे. मले नातू नाही पायजे. तू चांगली आहे, घर चांगलं आहे. काहून जिवावर उदार होते वं?"

मी आयुष्यभर हिणवणाऱ्यांशी भांडायची तयारी करून ठेवली होती. अशा माणसाशी कसं भांडायचं ते मला माहीत नव्हतं. मी फक्त एवढंच म्हणाले, "जीव माझा आहे नं आई. मी जपूनच करून राहिली." त्यांनी पुढचे दोन दिवस माझ्याशी मोजकं बोलणं ठेवलं.

मग सुरू झालं ते काम. दिवसातून सात वेळा बोट टोचायचं. उठल्यावर, नाश्त्यानंतर, दोन्ही जेवणांआधी आणि नंतर, झोपताना. भाकरीचा गोळा थापण्याआधी काट्यावर ठेवायचा, भात वाटीनं मोजायचा, तेवढ्याच हिशेबानं इन्सुलिनच्या पेनावर युनिट फिरवायचे. सासूबाई ओट्यावरचा वजनकाटा बघून म्हणायच्या, "सोनाराचं दुकान काढलं का घरात?" पण काटा कधी हलवला नाही त्यांनी. एका सकाळी बघितलं तर त्यावर माझ्या भाकरीचे दोन गोळे आधीच मोजून झाकून ठेवलेले. 

तीन महिन्यांनी आठ पूर्णांक एक. सहा महिन्यांनी सात पूर्णांक दोन.

साखर खाली आणायची म्हणजे ती कधीकधी फारच खाली जाणार, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. एकदा दुपारी प्रयोगशाळेत माझे हात थरथरायला लागले. मला वाटलं, मी छान काम करते आहे. शेजारचे सहकारी, निवृत्तीला आलेले गृहस्थ, म्हणाले, "बाई, तुम्ही एकच रीडिंग चौथ्यांदा लिहून राहिल्या. बसा जरा." मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, मला शिकवू नका. मग पाय गेले आणि मी टेबलाला धरून खाली बसले. त्यांच्या बायकोला शुगर असल्यानं त्यांना ओळखू आलं असावं; त्यांनी चहाच्या डब्यातली साखर चमच्यानं माझ्या तोंडात घातली, लहान पोराला भरवावं तशी. भानावर आल्यावर मला रडू आलं ते अशक्तपणापेक्षा त्यांच्यावर ओरडल्याचं.

साहेबांनी बोलावून काय झालं ते विचारलं, मी तयारीचं सगळं सांगितलं. त्यांनी सुचवलं, "काही दिवस रजा घ्या. मुलाबाळाचं झालं की या परत." चांगल्या मनानंच म्हणाले असतील. मी म्हटलं, "सर, रजा लागेल तेव्हा मी मागीन. आज मला फक्त सगळ्यांना दोन मिनिटं काही सांगायचं आहे." आणि मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं की मला कोणता आजार आहे, माझ्या टेबलाच्या खणात ग्लुकोजची पुडी कुठे आहे, आणि मी वाकडं बोलायला लागले तर वाद न घालता ती पाण्यात विरघळवून पाजायची. कोणीतरी मागून विचारलं, "मॅडम, तुम्ही नेहमीच वाकडं बोलता, मग आम्हाला कळणार कसं?" सगळे हसले, मीही हसले. त्यानंतर तिथे मला लपवायला काही उरलं नाही.

घरच्या माणसांना सांगणं जास्त कठीण गेलं. त्याच हिवाळ्यात नवऱ्याच्या चुलत बहिणीचं डोहाळजेवण होतं. हिरव्या साड्या, फुलांचे दागिने, आणि पानात वडाभात, कढी, पुरणपोळी. पंगत बसली तशी मी पिशवीतून पेन काढलं आणि साडीची निरी सैल करून पोटाला लावलं. समोर बसलेल्या चुलत सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"अवं, इथं काहून सुई काढली? आत खोलीत जा नं. शुभकार्य आहे."

बायका जेवायच्या थांबल्या. जिचं डोहाळजेवण होतं ती बिचारी पाटावरून खाली बघायला लागली. मी सुई पूर्ण दाबली, मनात दहापर्यंत मोजलं आणि काढली.

"काकू, जेवण इथं आहे तर सुई बी इथंच. मी चोरी करून नाही राहिली."

"तसं नाही वं, पण पोटुशी पोर समोर आहे..."

"तिले काही होत नाही. मले जगवते ही सुई. याच्यापेक्षा शुभ काय असते?"

ओटी भरायची वेळ आली तेव्हा मला कोणी बोलावलं नाही. मी स्वतःच उठले, तांदूळ आणि खोबऱ्याची वाटी घेतली आणि तिची ओटी भरली. तिनं माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला.  घर आल्यावर ऑटोतून उतरता उतरता सासूबाई म्हणाल्या, "त्या काकूची पोळी बी तुपात बुडवली होती. तू अर्धीच खाल्ली, बरं केलं." त्या माझ्या बाजूनं बोलल्या, हे मला आत गेल्यावर कळलं.

दहाव्या महिन्यात आकडा सहा पूर्णांक आठवर आला. मी ऑफिसच्या बसमध्ये फोनवर रिपोर्ट बघितला आणि शेजारच्या अनोळखी बाईला दाखवला. तिला काही कळलं नाही, पण तिनं अभिनंदन केलं. आता थोडंच राहिलं, असं मी धरून चालले.

मग डोळ्यांचा पडदा पुन्हा तपासला. सुरुवातीला तिथे किरकोळ बदल होते, लक्ष ठेवू म्हणाले होते. आता दोन्ही डोळ्यांत नवीन, नाजूक रक्तवाहिन्या उगवू लागल्या होत्या. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं चढलेली साखर अशी उतरली की कधीकधी पडदा आधी बिघडतो, मग सावरतो. लेसर करावं लागेल. गरोदरपणात हे आणखी वाढू शकतं, म्हणून डोळे शांत होईपर्यंत थांबायचं. किती? सहा महिने, कदाचित जास्त.

माझं डोकंच फिरलं. मी नियम पाळले म्हणून मला शिक्षा? दवाखान्यातून निघून मी सरळ एका टपरीवर गेले, तर्री पोहे मागवले, वर गरम जिलबी मागवली, आणि नवरा बघत असताना सगळं खाल्लं. इन्सुलिन मात्र बरोबर मोजून घेतलं. तेवढी अक्कल रागातही शाबूत होती.

घरी येऊन नवरा म्हणाला, "सोडून देऊ. आपण दोघं बस झालो. तुझे डोळे गेले तर मी काय करू?"

"तू थकला का?"

"मले भीती वाटून राहिली."

"मले बी वाटते," मी म्हटलं. "पण डोळ्याचं लेसर तर असंही करायचंच आहे, लेकरू असो की नसो. मग आताच काहून सोडायचं? डोळे सुधरले नाही तर मी स्वतः सांगीन, बस. तोवर तू हे सोडायचं नाव काढायचं नाही."

 त्यानं उठून कॅलेंडरवर लेसरच्या तारखांना गोल केले. माझ्याबरोबर राहणं त्याला सोपं नसावं, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

दुसऱ्या लेसरच्या दिवशी बाजारात संत्र्याची आवक जोरात होती, त्याला निघता येईना. सासूबाई म्हणाल्या, "मी येते." डोळ्यांत थेंब टाकून मला बाकावर बसवलं होतं, सगळं धूसर दिसत होतं. त्या धूसरपणात त्या माझ्या शेजारी बसून बोलायला लागल्या, कदाचित मी त्यांचा चेहरा बघू शकत नव्हते म्हणूनच.

"माही मोठी बहीण होती. तिले बी साखर होती, पण कोणाले माहीत? नुसती वाळत चालली होती. लोकं म्हणे, दिवस गेले म्हणून वाळून राहिली. सातव्या महिन्यात गेली. ती बी गेली, लेकरू बी गेलं. मी तिच्या उशाशी होती."

मी त्यांचा हात शोधला.

"तू सांगितलं नं मले लेकराचं, तेव्हा मले ती दिसली वं."

"आई, त्याइले माहीतच नव्हतं. मले माहीत आहे. म्हणून तर एवढं सगळं करून राहिली."

 पुढच्या वेळी मी धंतोलीतल्या डॉक्टरांकडे निघाले तेव्हा त्या पातळ नेसून तयार होत्या. आत जाऊन त्यांनी सरळ विचारलं, "हिले काही होणार नाही, असं तुम्ही लिहून देता का?"

"नाही देता येणार," डॉक्टर म्हणाल्या. "धोका आहे. तयारी केल्यानं तो खूप कमी होतो, पण संपत नाही. खोटं सांगणार नाही तुम्हाला."

मला वाटलं, आता संपलं.  "ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या. "खोटं सांगितलं असतं तर मी हिले घरी घेऊन गेली असती. आता हिची शुगर खाली गेली तर मी काय करायचं, थे मले शिकवा." त्या दिवशी नर्सनं त्यांना ग्लुकोमीटर वापरायला शिकवलं. सराव म्हणून त्यांनी स्वतःचं बोट टोचून बघितलं आणि नर्सलाच दरडावलं, "एवढं दुखते? अन् हे पोरगी दिवसातून सात वेळा करते?"

डोळे शांत व्हायला सहा नाही, आठ महिने लागले, आणि ते तसेच राहतात का हे बघण्यात आणखी सहा. त्या सगळ्या काळात ओळखीच्या बायका विचारायच्या, "काही गोड बातमी?" मी सांगायचे, "तांबी बसवली आहे." त्या गडबडून जायच्या. मला त्यांचं गडबडणं आवडायला लागलं होतं, हे कबूल करते.

शेवटी एका सोमवारी सगळे रिपोर्ट एका टेबलावर आले. साखर सहा पूर्णांक तीन. किडनी ठीक. थायरॉइड ठीक. डोळे सहा महिन्यांपासून शांत. डॉक्टरांनी सगळ्यावरून दोनदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "माझ्याकडून हरकत नाही. बाकी तुमचं काय ते ठरवा."

"माझं दोन वर्षांपूर्वीच ठरलंय," मी म्हटलं.

तांबी काढायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्यानंतर पाचव्या महिन्यात दिवस राहिले. पुढचे महिने सोपे नव्हते. इन्सुलिन दुपटीपेक्षा जास्त लागलं, दोनदा ॲडमिट व्हावं लागलं, डोळे दर दोन-तीन महिन्यांनी तपासले. सदतिसाव्या आठवड्यात सिझेरियन झालं. मुलगी झाली. तिची साखर पहिल्या दिवशी खाली गेली म्हणून तिला एक दिवस काचेच्या पेटीत ठेवलं, दुसऱ्या दिवशी माझ्या कुशीत दिलं. आता ती दोन वर्षांची आहे आणि झुणक्यात बोट बुडवून चाटते.

बारशाला आलेल्या पुष्कळ जणी म्हणाल्या, चमत्कारच झाला. सासूबाई पाळण्याची दोरी हलवता हलवता म्हणाल्या, "चमत्कार नाही वं. हिनं केलं." मी स्वतः बोलायच्या तयारीत होते, पण त्यांनी मला संधीच दिली नाही.

माझ्या डाव्या डोळ्यात आता एक छोटा डाग कायमचा दिसतो, आकाशाकडे बघितलं की तरंगतो. तो जाणार नाही असं डॉक्टर म्हणतात. कोणी विचारतं, एवढं करून काय मिळवलंस, तब्येत पणाला लावलीस. मी त्यांना मुलीचे गुण सांगत बसत नाही. मला मूल हवं होतं. इतर बायकांना हवं असतं तेव्हा त्यांना कोणी कारण विचारत नाही. मीही सांगणार नाही.